वडिलांचा वाद्यवृंद

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘कंडक्टर’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे एस.टी.चा खाकी गणवेशातील वाहक उभा राहतो. तो गाडी चालवीत नाही. पण त्याने दोनदा घंटी दिल्याखेरीज चालकही गाडी हलवीत नाही. मध्यंतरी नाताळच्या दिवसांत धर्मग्रामातील काही मंडळी आमच्या निवासात जमली होती आणि झुबिन मेहता यांनी २०१५ साली संचालित केलेल्या व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीचे चित्रमुद्रण आम्ही त्यांना दाखवीत होतो. बराच वेळ शांतपणे पाहून एका वयस्क गृहस्थांनी विचारले, “फादर, हे काडीवाले साहेब स्वतः काहीच वाजवीत नाहीत, आणि टाळ्या मात्र सगळ्यांत जास्त यांनाच. हे कसे?” आम्ही एस.टी.च्या घंटीचा दाखला देऊन वेळ मारून नेली. सगळे हसले. प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आमचे लक्ष झुबिन मेहतांवरून त्यांच्या वडिलांकडे वळले.

मेहली मेहता हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. घेतले तर ‘झुबिनचे वडील’ एवढ्यापुरतेच. वर्तमानपत्री लेखांतून मुलाच्या पराक्रमाचे चार स्तंभ आणि वडिलांची एक ओळ अशी वाटणी ठरलेली असते. आमच्या मते ही वाटणी अन्यायाची आहे. ती का, हे सांगण्यासाठी आधी त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे परत जावे लागेल.

आपल्या संगीताला संचालकाची गरज पडत नाही, ही गोष्ट खरी. तुळजापूरच्या गोंधळात संबळ आणि तुणतुणे वाजविणारे मुख्य गोंधळ्याच्या नुसत्या मानेच्या हालचालीवर लय बदलतात. भजनी मंडळात टाळकरी बुवांच्या चेहऱ्याकडे पाहतात, पखवाजी त्यांचा श्वास ओळखतो. माणसे थोडी, एकमेकांजवळ बसलेली, आणि चाल सर्वांना मुखोद्गत. तेथे छडी कशाला हवी? सिंफनीच्या वाद्यवृंदात मात्र ऐंशी-नव्वद वादक असतात. प्रत्येकापुढील कागदावर फक्त त्याचीच ओळ असते. शेजाऱ्याने काय वाजवायचे आहे ते त्याला दिसत नाही. मागच्या रांगेतील ट्रम्पेटवाला कधी कधी साठ-सत्तर आवर्तने नुसती मोजत बसतो आणि मग अचूक क्षणी त्याला एकच सूर द्यायचा असतो. सर्वांच्या ओळी एकाखाली एक मांडलेला ग्रंथ फक्त संचालकापुढे असतो, आणि चांगल्या संचालकाच्या तो डोक्यात असतो. त्याचा हात वर उठतो तेव्हा अद्याप आवाज झालेला नसतो. पण पुढे येणाऱ्या सुराची लय, त्याचा जोर, त्याची मृदुता हे सारे त्या उठलेल्या हातात आधीच असावे लागते. संचालक सुराच्या मागून चालला की वाद्यवृंद घसरलाच म्हणून समजावे.

तरीही हा भाग लोकांना दिसणारा. खरे काम तालमीत होते. व्हायोलिनच्या शेवटच्या बाकावरचा वादक अर्ध्या मात्रेने मागे राहतो, दुसऱ्या ओबोचा सूर किंचित चढा लागतो, चेलोचा आवाज बासरीला झाकून टाकतो. हे ऐकू येणे, नेमके कोणाचे चुकले ते कळणे, आणि माणूस न दुखावता ते दुरुस्त करून घेणे ही ती विद्या होय. मैफलीच्या दिवशी प्रेक्षकांना दिसते ती छडी. तोवर तिचे तीन-चतुर्थांश काम आटोपलेले असते. आमचे पाहुणे टाळ्यांविषयी विचारीत होते, पण टाळ्या ज्या श्रमासाठी असतात तो श्रम पडद्यावर दिसतच नाही.

मेहली मेहतांचा जन्म मुंबईच्या पारशी कुटुंबात १९०८ साली झाला. ते मूळचे व्हायोलिनवादक. १९३५ साली, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि काही वर्षांनी चार वादकांचे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही उभे केले. ज्या शहरात या संगीताचे विद्यापीठ नाही, सरकारी आश्रय नाही, वाद्याची तार तुटली तर बोटीची वाट पाहावी लागे, त्या शहरात सिंफनी बसवायची म्हणजे पेरणीसाठी आधी जमीनच तयार करण्यासारखे होते.

या वाद्यवृंदाच्या खुर्च्यांवर कोण बसत असे, हा प्रश्न आपल्या वाचकांना जवळचा वाटावा. हौशी पारशी होते, युरोपीय होते, फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधील जवान होते. आणि व्हायोलिन-चेलोच्या रांगांतून गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, जे रात्री हॉटेलांत नृत्यसंगीत वाजवून पोट भरीत. ही गोवेकर मंडळी स्वरलिपी वाचायला कोठे शिकली? गावच्या चर्चशी जोडलेल्या शाळेत. तेथे ‘मेस्त’ म्हणून ओळखला जाणारा शिक्षक मुलांना सा-रे-ग-मच्या धर्तीवर पाश्चात्त्य स्वर घोकून घेई, हातात व्हायोलिन देई आणि रविवारच्या मिस्सासाठी गायकवृंद तयार करी. त्या मेस्तांची नावे इतिहासात सहसा सापडत नाहीत. त्यांनी घोटून घेतलेले धडे मात्र मुंबईच्या सिंफनीत, आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत, अनेक दशके वाजत राहिले.

या संदर्भात अँथनी गोन्साल्विस यांचे स्मरण करणे भाग आहे. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक आणि संगीत-संयोजक होते. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांना त्यांनी व्हायोलिन शिकविले. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मैफली केल्या, आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांच्या गायनाला पूर्ण वाद्यवृंदाची साथ देऊन भारतीय रागांची स्वतःची रचना सादर केली. काही वर्षांनी ते अमेरिकेस गेले. नंतर गावी परतून २०१२ साली निवर्तले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील त्यांच्या नावाचे गाणे ही त्यांच्या शिष्याने, प्यारेलालने, वाहिलेली गुरुदक्षिणा होती. साऱ्या देशाने ते गाणे गुणगुणले. आणि हा अँथनी कोण, हे फार थोड्यांनी विचारले. शिकविणाऱ्याच्या वाट्याला बहुधा असेच येते.

मेहलींचा मुंबईचा वाद्यवृंद टिकला नाही. टिकला नाही याची कारणे भावनेत शोधू नयेत. मुंबईत रसिक होते, देणगीदार होते; नव्हता तो महिन्याच्या एक तारखेला मिळणारा पगार. वादक दिवसभर कचेरीत किंवा रात्रभर हॉटेलात राबून तालमीला येणार, तालीम अर्धवट होणार, आणि संचालकाला मैफलीच्या दिवशी कोण हजर राहील याचीच चिंता. दुसरे कारण याहून खोल आहे. वाद्यवृंद स्थापन झाला, पण पुढची पिढी घडविणारी शाळा त्याच्याबरोबर उभी राहिली नाही. २००६ साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, म्हणजे १९३५ नंतर एकाहत्तर वर्षांनी. तेव्हाही त्यातील बहुसंख्य खुर्च्या कझाकस्तानसारख्या देशांतून आणलेल्या वादकांनी भरल्या. वाजविणारी माणसे आयात करता येतात. त्यांच्यामागची पिढी आयात करता येत नाही. मेहलींच्या मुंबईतील कार्यावर टीका करायचीच तर आम्ही ती या मुद्द्यावर करू, आणि लगेच असेही म्हणू की ही उणीव त्यांना स्वतःला आमच्याआधी कळली असावी. त्यांचे पुढील आयुष्य तसेच सांगते.

१९४५ साली ते इव्हान गॅलामियन या व्हायोलिनच्या थोर शिक्षकाकडे शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले आणि चार वर्षे तेथे राहिले. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद असलेला माणूस, घरी पत्नी तेहमिना आणि दोन लहान मुले, झुबिन नऊ वर्षांचा आणि झरीन सात वर्षांचा; आणि हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर जाऊन बसतो. त्या चार वर्षांची किंमत त्या घराने कशी मोजली असेल याचा विचार केला की आम्हांला या कथेचा गोडवा थोडा कमी वाटू लागतो. कलावंतांची चरित्रे लिहिणारे अशा वियोगांना ‘साधना’ म्हणून मोकळे होतात. मुलांना ती साधना नसते, वडिलांची रिकामी खुर्ची असते. असो.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर मेहली इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात सर जॉन बार्बिरोलींच्या हाताखाली व्हायोलिन वाजवू लागले. प्रमुख व्हायोलिनवादकाचे ते साहाय्यक होते. मुंबईत छडी ज्यांच्या हातात होती ते आता दुसऱ्याच्या छडीकडे पाहून वाजवीत होते. आमच्या मते मेहलींच्या कारकिर्दीतील ही सर्वांत महत्त्वाची वर्षे होत. संचालन शिकण्याची उत्तम जागा उंच चौथऱ्यावर नसते, ती वादकाच्या खुर्चीवर असते. कोणती खूण समजते, कोणती नुसतीच शोभेची, कोणत्या शब्दाने रांग सावरते आणि कोणत्या शब्दाने बिथरते, हे खालून जितके स्वच्छ दिसते तितके वरून दिसत नाही. त्यानंतर ते १९५९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये गेले. तेथे तर संचालकच नाही, चौघांनी एकमेकांना ऐकूनच चालायचे.

१९६४ साली, वयाची छप्पन्न वर्षे पूर्ण होत असताना, ते लॉस एंजेलिसला आले. कॅलिफोर्निया विद्यापीठात वाद्यवृंद विभागाचे प्रमुख म्हणून १९७६ पर्यंत त्यांनी संचालन शिकविले, आणि त्याच वर्षी ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ हा तरुणांचा वाद्यवृंद स्थापन केला. हा वाद्यवृंद त्यांनी पुढे ३३ वर्षे चालविला. बाजूला झाले तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. मैफलींना तिकीट नसे. येथून निघालेली कितीतरी मुले-मुली मोठमोठ्या व्यावसायिक वाद्यवृंदांत स्थिरावली.

संचालन शिकवायचे म्हणजे काय, हा विचार येथे थोडा थांबून केला पाहिजे. व्हायोलिन शिकणारा मुलगा घरी खोलीचे दार लावून चार तास घासतो. संचालन शिकणाऱ्याने घासायचे कशावर? त्याचे वाद्य म्हणजे जिवंत माणसे. आरशापुढे हात हलवून तो फार तर कवायत शिकेल. म्हणून संचालनाच्या शिक्षकाला आधी विद्यार्थ्याच्या हाती एक वाद्यवृंद द्यावा लागतो, आणि त्या वाद्यवृंदातील पोरांनाही त्याच वेळी घडवावे लागते. विद्यापीठातला वर्ग आणि तरुणांचा वाद्यवृंद एकाच वर्षी हाती घेण्यातले मर्म आम्हांला येथे दिसते. मुंबईत जे जमले नव्हते, खुर्ची आणि तिच्यामागची पिढी, ती दोन्ही येथे एकत्र आली.

आमच्याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची कथा प्रत्येक वाचकाला ठाऊक असेल. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने संतमंडळींच्या डोक्यावर एकेक थाप मारून मडकी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. नामदेव रागावले, पण पुढे विसोबा खेचरांकडे गेले तेही त्या थापेमुळेच. वाद्यवृंदाची तालीम आम्हांला या प्रसंगासारखी वाटते. संचालकाची थाप साऱ्यांदेखत पडते. ज्याचे कच्चे निघाले त्याला लाज वाटते, आणि त्या लाजेचे पुढे काय होईल हे थाप मारणाऱ्याच्या हातावर ठरते.

आता चिरंजीवांविषयी. झुबिन मेहता १९३६ साली जन्मले. मुंबईच्या सेंट मेरीज शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्समध्ये, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या देखरेखीखाली, ते शिकले. घरच्यांनी वैद्यकाचा मार्ग आखला होता. पण सोळाव्या वर्षी वडिलांच्या वाद्यवृंदाची तालीम घेणाऱ्या मुलाचे लक्ष शवविच्छेदनात कसे रमणार? १९५४ साली ते व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे गेले. तेथील एक गोष्ट आमच्या गायकवृंदाला आम्ही वारंवार सांगतो. मोठ्या संचालकांच्या तालमी पाहण्यास विद्यार्थ्यांना मज्जाव असे. तेव्हा झुबिन आणि त्यांचा सहाध्यायी क्लाउडिओ आबादो यांनी तेथील गायकसंघात खर्जाचे गायक म्हणून नावे नोंदविली आणि गाता गाता ब्रूनो वाल्टर, कारायान यांना जवळून पाहिले. १९५६ साली हंगेरीतील उठाव चिरडला गेल्यावर निर्वासितांच्या छावणीत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद आठवडाभरात जमवून त्यांनी मैफल केली. १९५८ ची लिव्हरपूलची स्पर्धा, माँट्रियल, मग सव्विसाव्या वर्षी लॉस एंजेलिस, १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क, आणि २०१९ पर्यंत इस्रायल फिलहार्मोनिक हा पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे.

त्यांच्या संगीताविषयी आमचे मत असे की भरघोस, रंगदार रचनांत त्यांचा हात अद्वितीय चालतो. १९७२ सालचे पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’चे मुद्रण, ज्यात सदरलंड, पावारोत्ती आणि काबाये गातात, किंवा १९७५ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह केलेली मालरची दुसरी सिंफनी ऐकावी, शंभर माणसांचा आवाज फुगतो, पण फाटत नाही. उलट मोझार्टच्या नाजूक कामात त्यांचा हात आम्हांला कधी कधी सुखवस्तू वाटतो. सगळे जागच्या जागी असते, पण धोका पत्करलेला नसतो. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्यांना तेरा वर्षे झोडपले, तेही काहीसे याच कारणाने. झोडपणे मात्र प्रमाणाबाहेर होते. याला आमचा एक अपवाद आहे. १९९४ साली वेढ्यात सापडलेल्या सारायेव्हो शहरात, जळून पडलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्नावशेषांत, त्यांनी मोझार्टचा ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीचा मिस्सा, संचालित केला. छप्पर नसलेल्या त्या वास्तूत एक पारशी संचालक आपल्या उपासनेतील जुने लॅटिन शब्द गाऊन घेत होता. तेथे सुखवस्तूपणाचा मागमूसही नाही.

१९९० साली रोमच्या काराकाला येथील तीन टेनरांच्या मैफलीचीही छडी त्यांच्याच हाती होती. तिची कॅसेट सेमिनरीत आम्ही फीत ओढली जाईपर्यंत ऐकली. त्या वयात आमची दृष्टी पावारोत्तीच्या तार सुरापलीकडे गेली नाही, हे कबूल करतो.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. पहिल्याच नेमणुकीच्या ठिकाणी एक वृद्ध पेटीमास्तर होते. ते दर शनिवारी मुलामुलींना घेऊन बसत. एक ओळ मुलांकडून, तीच खालच्या सुरात मुलींकडून, मग दोन्ही एकत्र. नाताळचे एक गीत बसवायला त्यांना दोन महिने लागत. आम्ही तरुण होतो, आम्हांला घाई होती. एका दानशूर कुटुंबाने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दिला. बटण दाबले की तबला, ड्रम, सगळे तयार. आम्ही मास्तरांना सन्मानाने शाल दिली आणि शनिवारचा वर्ग बंद केला. पहिल्या वर्षी लोक खूष झाले. तिसऱ्या वर्षी आमच्या ध्यानात आले की मुले एकमेकांना ऐकेनाशी झाली आहेत. सगळे यंत्राच्या ठोक्यावर ओरडत होते, आणि वीज गेली की गायन थांबत होते. आम्ही मास्तरांच्या घरी गेलो तेव्हा त्यांना ऐकू येणे कमी झाले होते. त्यांनी चहा दिला. शनिवारचा विषय त्यांनीही काढला नाही, आम्हांलाही काढवला नाही.

मेहलींची कारकीर्द वाचताना आम्हांला ते मास्तर आठवले, म्हणून कदाचित आमचा तराजू वडिलांच्या बाजूला जरा अधिक झुकला असेल. वाचकांनी ती झुकती मोजून घ्यावी. पण एक वस्तुस्थिती तराजूबाहेरची आहे. मुलाची मुद्रणे राहतील. वडिलांनी ३३ वर्षे जे केले त्याचे फारसे मुद्रण नाही. ते त्या मुलामुलींच्या हातांत आणि कानांत गेले. १९९५ साली मुंबईत त्यांच्या नावाने स्थापन झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन लहान मुलांना संगीत शिकविते. मेहली २००२ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी लॉस एंजेलिसला वारले. त्यांची अमेरिकन यूथ सिंफनी मात्र २०२४ साली पैशांअभावी बंद पडली. पूर्वी मुंबईत जे घडले तेच श्रीमंत लॉस एंजेलिसमध्ये घडावे, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. शिकविण्याच्या कामाला देणगीदार मिळतो तो उद्घाटनाच्या दिवशी, तिसाव्या वर्षी नव्हे.

त्या वयस्क गृहस्थांना आम्ही पुढच्या रविवारी मिस्सानंतर गाठले आणि वरील सर्व थोडक्यात सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले. त्यांच्या गावातील लग्नाच्या बँडचे मास्तर क्लॅरिनेट वाजवीत उलटे चालतात, ते का, हे त्यांना आता कळले असे म्हणाले. आम्हांला ते ठाऊक नव्हते. वरातीत पुढे चालणाऱ्या मास्तरांना मागचे वादक दिसावेत आणि त्यांना मास्तर दिसावेत, म्हणून ते नवऱ्याच्या घोड्याकडे तोंड करून, मागे न पाहता, खड्ड्यांच्या रस्त्यावरून पाय चाचपीत उलटे चालतात.